दोघींत एक खातं

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत घडी घालायला नेहमी दोन माणसं लागत. एकटीनं डबल बेडच्या चादरीशी झोंबायला गेलं की चादरच आपल्याला गुंडाळते. म्हणून तिथल्या बायका जोडीनं काम करत, आणि जोडी एकदा जमली की मुकादम ती मोडत नसे. थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा, एकाच घरातल्या, एकाच जोडीतल्या. दोन-दोन टोकं धरायची, झटकून ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, वाकून मधली कड उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. दिवसभर अशा समोरासमोर चालत येणाऱ्या बायका भांडल्या तर कामच बंद पडेल. त्यामुळे या दोघी भांडत नसत, निदान हातात चादर असताना तरी नाही.

घरात तिसरा होता तो धाकटीचा नवरा. त्याला सगळे भोंगा म्हणत. भाजीच्या घाऊक बाजारात उलट्या क्रेटवर उभं राहून लिलाव पुकारायचं हे त्याचं काम, आणि आवाज असा की पोत्यांवर झोपलेली मांजरं उठून पलीकडच्या गाळ्यात निघून जात. घरी मीठ मागितलं तर शेजाऱ्यांनी आणून द्यावं. थोरली लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा हा शाळेत होता. बुटाची नाडी तिनं त्याला शिकवली, तापात उशाशी ती बसली, त्याच्यासाठी बायकोही तिनंच शोधली. तिला पोटचं मूल झालं नाही. दीर म्हणा की मुलगा म्हणा, जे काही होतं ते हा भोंगाच.

आणि एक चौथा होता, तो आता नव्हता. थोरलीचा नवरा, भोंग्याचा मोठा भाऊ, दुकानांच्या काचा बसवायचा. मागच्या हिवाळ्यात शिडीवर उभ्या उभ्याच त्याचं हृदय बंद पडलं. खाली पडला तेव्हा तो आधीच गेलेला होता, असं डॉक्टर म्हणाले. यात समाधान मानण्यासारखं काय आहे, ते थोरलीला काही केल्या कळलं नाही.

तेव्हापासून ती रडली नव्हती. फक्त घडी घालता घालता मध्येच थांबायची. टोकं हातात, पाय जमिनीला चिकटलेले, आणि समोर धाकटी ‘ताई, ताई’ करत उभी. धाकटीचं दुखणं वेगळं होतं. तिची छाती अचानक आवळायची, श्वास पुरायचा नाही, आणि घरात नवरा ओरडून बोलायला लागला की तर तिला भिंतीच जवळ आल्यासारख्या वाटायच्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोघींना तपासलं आणि सांगितलं, शरीर ठणठणीत आहे, समुपदेशकाकडे जा, मन मोकळं करा. समुपदेशकाची फी ऐकून धाकटीची छाती तिथेच पुन्हा आवळली. एका बैठकीला आठवड्याची मजुरी! मन मोकळं व्हायच्या आधी पैशांचा डबाच मोकळा झाला असता.

मग भोंग्यानंच मोबाइलवर ते ॲप शोधून काढलं. ‘घरबसल्या समुपदेशन, खिशाला परवडेल असं.’ चेहरा बघून बोलायचं असेल तर दर चढा. नुसत्या आवाजावर भागत असेल तर बराच कमी. त्यातही सगळ्यात तळाला एक सवलतीचा प्लॅन होता. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, ठरलेल्या एकाच मॅडमशी. एकीचं त्यात भागत होतं, दोघींचं नव्हतं. आणि खाली बारीक अक्षरात अट होती: एक खातं, एक व्यक्ती.

“ताई, तुम्ही घ्या,” धाकटी म्हणाली.

“तू घे. तुझा श्वास अडकतो. माझं काय, मी नुसती उभी राहते.”

अशी घे-घे, नको-नको दिवसभर चादरींबरोबर पुढे-मागे चालली. शेवटी थोरलीच्या डोक्यात कल्पना आली. एक शुक्रवार तुझा, एक माझा. चेहरा दिसत नाही, आणि फोनवर दोघींचा आवाज असा सारखा की भोंग्यानं एकदा बायको समजून वहिनीला फोनवर काहीबाही लाडाचं बोलून टाकलं होतं आणि नंतर दोन दिवस तो घरात भिंतीला धरून चालत होता. मग यात चोरी कसली? एका तिकिटात दोघींनी अर्धा-अर्धा सिनेमा बघावा, तसं. थोरलीला आपल्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

पहिला शुक्रवार तिचा. मॅडमचा आवाज मऊ होता, घाई नसलेला. मागे ना रहदारी, ना भांडी, ना कुणाचं खोकणं. त्या आवाजानं विचारलं, “घरी कोण कोण असतं?” आणि इतके महिने घशात अडकलेलं वाक्य थोरलीच्या तोंडून सुटलं, “नवरा होता. गेला.” मग ती जी रडली ती बैठक संपेपर्यंत. त्याच्या बोटांना येणारा पुट्टीचा वास सांगितला, शिडी सांगितली. शेवटच्या दिवशी सकाळी तिचं बोट दारात चेमटलं तेव्हा त्यानं जाता जाता थांबून त्यावर फुंकर घातली होती, तेही सांगितलं. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती जेवली आणि पडल्या पडल्या झोपली.

पुढचा शुक्रवार धाकटीचा. आता बघा, दोघींनी सगळं ठरवलं होतं, पण मुख्य गोष्ट ठरवायची राहून गेली होती. फोन लागला आणि मॅडम म्हणाल्या, “ते गेल्यापासून जेवणाखाण्याकडे लक्ष आहे ना तुमचं?”

धाकटीनं शेजारी बसलेल्या थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं तोंडावर हात ठेवला. नवरा जिवंत आहे म्हणावं, तर कालची विधवा आज सधवा कशी झाली, आणि खातं बंद. धाकटी म्हणाली, “हो, जेवते आहे.” मग तिनं नवऱ्याचं जे जे सांगायचं होतं ते ‘होता’मध्ये सांगितलं. फार ओरडायचा. माझं ऐकूनच घ्यायचा नाही. तो घरात शिरला की मला हवा पुरायची नाही.

फोन ठेवल्यावर तिचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ झाला होता. “ताई, मेलेल्या नवऱ्याबद्दल बोलायला काय मोकळं वाटतं हो! जिवंत म्हटला की लोक लगेच म्हणतात, समजून घे, मनानं चांगला आहे. मेलेल्याचं सगळे निमूट ऐकून घेतात.”

थोरली हसली. संध्याकाळी भोंग्याला सांगितलं तर तो सगळ्यात जास्त हसला. जमिनीवर आडवा पडला आणि जीभ बाहेर काढून म्हणाला, “मेलो की मी! आता मला कामावर कशाला पाठवता?” खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीनं छत ठोकलं. तिघं पोट धरून हसली.

तेव्हापासून ठरूनच गेलं. मॅडमच्या फोनवर एकच बाई राहायची, तिचा नवरा गेलेला होता, आणि ती बाई आळीपाळीनं थोरली किंवा धाकटी असायची. काय बोललं गेलं ते सोमवारी घड्या घालताना एकमेकींना सांगायचं, म्हणजे पुढच्या वेळी गडबड नको. जवळ आलं की एक वाक्य, टोकं देताना दुसरं, मागे जाताना गप्प. थोरलीचे पाय आता अडत नव्हते, आणि धाकटी तर मालाच्या लिफ्टमधून एकटी वरखाली करू लागली होती. पैसा वाचला, औषधही लागू पडलं.

पहिली खोट दिसली ती कोपऱ्यावरच्या दुकानात. धाकटी पाव घेत होती, थोरली मागे उभी होती. दुकानदार पावाचे पैसे घेईना. “राहू दे,” तो धाकटीला हळू आवाजात म्हणाला. “तुमच्यावर एवढा प्रसंग आलेला. एकटीनं निभावणं सोपं नाही.”

मोठ्या भावाचं याच्या डोक्यात घोटाळलं असेल, असं थोरलीला वाटलं. ती पुढे होऊन म्हणाली, “अहो, माझे मिस्टर गेले. हिचे आहेत.” दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि पाव पुन्हा धाकटीच्याच हातात दिला. धाकटीनं पाव घेतला.

मग भोंगा म्हणायला लागला की बाजारात लोक त्याला धडका देऊन जातात. तोंडानं हसून सांगत होता, पण रात्री जेवताना त्यानं मीठ मागितलं आणि ते थोरलीला ऐकू आलं नाही. तिनं मान वर केली तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता.

“मी मागितलं ना आत्ता?” त्यानं विचारलं.

थोरलीनं मिठाची बरणी पुढे केली.

सुट्टीच्या दिवशी ती मुद्दाम सकाळी बाजारात गेली. भोंगा आपल्या क्रेटवर उभा होता, गळ्याच्या शिरा ताणून पुकारत होता. आवाज येत होता, पण बंद दारापलीकडून यावा तसा. व्यापारी त्याच्याकडे पाठ करून उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “आज पुकारायला कोणी नाही का?” तेवढ्यात अडत्यानं दुसऱ्या एका माणसाला खूण केली. तो माणूस सरळ चालत आला आणि भोंगा उभा असलेल्या क्रेटवर चढला, जणू क्रेट रिकामाच होता. भोंग्याला उडी मारून खाली उतरावं लागलं. दुसऱ्यानं पुकारायला सुरुवात केली आणि सगळ्या माना वळल्या.

भोंगा तिच्यापाशी आला. “घसा बसलाय, वहिनी,” तो म्हणाला. घसा बसलेला माणूस खाकरतो, कोमट पाणी मागतो. हा खाकरतही नव्हता. थोरलीनं त्याचा हात धरला. हात गरम होता, जिवंत होता, आणि तिनं घरी येईपर्यंत तो सोडला नाही. वाटेत लोक तिच्याकडे वळून बघत होते, एक प्रौढ बाई हवेत मूठ धरून चालल्यावर बघतील तसे.

दोघं घरी आली तर धाकटी कपाट उघडून बसली होती. भोंग्याचे शर्ट घड्या घालून मोठ्या पिशवीत भरणं चाललं होतं. लॉन्ड्रीतल्यासारख्या सुबक घड्या, फक्त एकटीनं घातलेल्या.

“हे काय?”

“मॅडमनी सांगितलंय. एकेक कप्पा रिकामा करा म्हणाल्या, म्हणजे जड वाटणार नाही.”

“अगं, तो जिवंत आहे! हा काय इथे उभा आहे!”

धाकटीनं दाराकडे पाहिलं. भोंगा खरंच तिथे उभा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, एखादं ओळखीचं नाव जिभेवर असून आठवू नये तशी. मग तिचा चेहरा एकदम कावराबावरा झाला. “हो. हो, कळतंय मला,” ती म्हणाली आणि शर्ट परत कपाटात ठेवू लागली. पण त्या दिवशी टेबलावर तिनं दोनच ताटल्या मांडल्या. थोरलीनं उठून तिसरी आणली. भोंगा ताटलीवर वाकून जेवला आणि कुणालाही न विचारता उठून झोपायला गेला. सगळ्यात वाईट म्हणजे धाकटीची तब्येत कधी नव्हे इतकी चांगली होती. गालांवर रंग आला होता, श्वास मोकळा चालत होता.

“पुरे झालं हे,” थोरली दुसऱ्या दिवशी चादर ताणत म्हणाली. “मॅडमना फोन करायचा नाही. तूही नाही, मीही नाही. ॲप काढून टाकू.”

“मला भीती वाटते, ताई,” धाकटी जवळ येत म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “सकाळी उठले तर शेजारी कोण झोपलंय ते मला कळेना. मी ओरडणार होते.”

दोघींनी तिथेच, चादर खांद्यावर टाकून, ॲप काढून टाकलं. शुक्रवार आला आणि गेला. कुणी फोन केला नाही. दोघी दिवसभर एकमेकींच्या नजरेसमोर होत्या. आणि कामावरून सुटताना थोरलीच्या मोबाइलवर मॅडमचा मेसेज आला: ‘आज तुम्ही फार धीरानं बोललात. असंच चालू ठेवा. पुढच्या शुक्रवारी भेटू.’

थोरलीनं तो मेसेज धाकटीला दाखवला. धाकटीनं वाचला आणि मोबाइल असा परत केला की जणू तो भाजतो आहे. दोघींपैकी कुणीच बोललं नव्हतं. म्हणजे फोनवरची ती बाई बोलली होती, जिला या दोघींनी चार पैसे वाचवायला मिळून उभी केली होती. तिला आता या दोघींची गरज राहिली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी धाकटी कामावर आलीच नाही, अंथरुणात पडून राहिली. भोंगाही घरीच होता. बाजारात त्याला आता कुणी बोलावत नव्हतं. थोरली सकाळी कामाला निघाली तेव्हा त्यानं तिला दारात गाठलं. “वहिनी, मी ओरडतोय ना आत्ता?” त्यानं विचारलं. “मला वाटतंय मी फार जोरात ओरडतोय.” तिला ते कुजबुजल्यासारखं ऐकू आलं. तो लहान असताना फिरवायची तसा तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, “जोरातच ओरडतोयस. छत ठोकतील आता.” जिन्यात ती रडली.

दुपारी, काम संपायच्या जरा आधी, ती कपाटांच्या खोलीत गेली. छतापर्यंत पांढऱ्या चादरींच्या थप्प्या होत्या, आणि त्यांच्यात आवाज मुरून जायचा. तिनं ॲप पुन्हा घेतलं आणि मॅडमना फोन लावला.

“बोला,” मॅडम म्हणाल्या. तोच मऊ आवाज.

“मॅडम, मला खरं सांगायचंय. आम्ही दोघी आहोत. मी आणि माझी जाऊ. एकच खातं वापरलं, परवडत नव्हतं म्हणून. नवरा माझा गेलाय, तिचा नाही. तिचा जिवंत आहे.”

“हे असं होईल, ते तुम्हीच मला मागच्या वेळी सांगितलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “मन एकदा शेवटचं उचल खाईल, म्हणालात. म्हणेल की मी ती नव्हेच, ती दुसरी.”

“मागच्या वेळी तुमच्याशी कुणीही बोललेलं नाही.”

“तुम्हीच बोललात. म्हणालात, कपडे गेले, ताटली गेली, आता घरातून त्यांचा आवाज तेवढा जायचा राहिलाय. तो आज गेला की मी सुटले.”

थोरलीनं थप्पीचा आधार घेतला. “मॅडम, तो माझा दीर आहे हो. लहानाचा मोठा केलाय मी त्याला.”

“तुम्हाला दीर आहे?” मॅडमना खरंच आश्चर्य वाटलं होतं. “मला तर तुम्ही फक्त नवऱ्याचं सांगितलंत. मोठ्या आवाजाचा, पुट्टीचा वास असलेला, शिडीवरून पडून गेलेला. एकच तर माणूस होता तो.”

तेव्हा थोरलीला सगळं लख्ख कळलं. खातं एक, बाई एक, आणि त्या बाईला नवराही एकच. तो मेला तरी एकच मरणार आणि जगला तरी एकच जगणार. दोघींची दोन आयुष्यं तिथे मावत नव्हती. त्यांनी त्यासाठी पैसेच भरले नव्हते.

मेलेल्या माणसाला आता आणखी काय होणार आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते तिला पटलं नाही. पण घरात एक जिवंत माणूस तोंड उघडून ओरडत होता आणि ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “मी खोटं बोलले. माझा नवरा मेलेला नाही. कुणीच मेलेलं नाही.”

“मग शिडी?”

“शिडी नव्हती.”

“त्यांच्या बोटांचा वास? पुट्टीचा?”

“भाजीचा वास येतो त्याला. बाजारात असतो तो. लिलाव पुकारतो.”

“आणि त्या सकाळी दारात चेमटलेलं तुमचं बोट? फुंकर घातली होती त्यांनी.”

थोरलीनं ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. हे एवढंच तिच्याजवळ उरलं होतं. फोटो सगळ्यांकडे होते, आठवणी बाजारभर होत्या, पण ती फुंकर फक्त तिची होती. तिला मनापासून वाटलं, फोन ठेवून द्यावा. मग तिला दारात उभा असलेला भोंगा आठवला.

“असं काही झालं नाही,” ती म्हणाली.

“त्यांना भाऊ?”

“नाही. एकटाच आहे.”

“आणि घरात दुसरी कुणी बाई? आत्ता म्हणालात ना, दोघी आहोत?”

“नाही. नवरा-बायको दोघंच राहतात. सुखात आहेत. तो जरा ओरडतो, एवढंच.”

मॅडमनी श्वास सोडला. इतक्या महिन्यांत त्यांच्या बाजूनं शब्दांखेरीज आलेला तो पहिलाच आवाज होता. “ऐकून बरं वाटलं. मग तुम्हाला आमची गरज नाही. खातं बंद करते हं,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

थोरली घराकडे चालत निघाली. सारखी स्वतःला चाचपत होती. नवऱ्याचा चेहरा आठवत होता. नाव आठवत होतं. बोट दुखल्याचं आठवत होतं. तिला जरा धीर आला. काही गेलेलं नाही, तिनं मनात म्हटलं, उगाच घाबरले.

आणि रस्त्याच्या तोंडाशी पोहोचली तोच तिला तो आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरून, बंद खिडकीतून, अख्ख्या रस्त्यावर फेकलेला. भोंगा काहीतरी गाणं म्हणत होता, सगळे सूर चुकवत. खालच्यांनी काठीनं छत ठोकलं. तो आणखी जोरात गाऊ लागला. थोरली भर रस्त्यात हसली आणि रडली, आणि तिचे पाय जिना चढताना एखाद्या मुलीसारखे पळाले. तिनं पर्समधून किल्ली काढली, पण त्याआधीच दार उघडलं. दारात भोंगा होता. लालबुंद, घामेजलेला, जिवंत.

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, “कोण हवंय आपल्याला?”

थोरली किल्ली हातात धरून उभी राहिली. त्यानं मागे वळून हाक मारली, “अगं, कुणी बाई आल्यात. तुझ्या कामावरच्या आहेत का बघ.”

धाकटी हात पुसत बाहेर आली. तब्येत चांगली दिसत होती. “अय्या, तुम्ही?” ती म्हणाली. “ह्या चादरींना माझ्या जोडीला असतात. मुकादमानं पाठवलं का हो? मी आज निरोप दिला होता, बरं नव्हतं म्हणून.” तिच्या डोळ्यांत थोरलीनं शोधलं, पण तिथे ओळखीपलीकडे काही नव्हतं. भिंतीवर थोरलीच्या नवऱ्याच्या फोटोच्या जागी खुंटीला बाजाराची पिशवी लटकत होती. थोरलीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत कांद्याची पोती रचलेली होती.

“बसा ना,” भोंगा म्हणाला. त्याच्या आवाजानं कपबशा थरथरल्या. “उभ्या का? चहा घेऊनच जा. दमलेल्या दिसता.”

थोरली खुर्चीच्या कडेवर बसली. पायाखालची फरशी तिनं इतकी वर्षं पुसली होती. धाकटी चहा टाकायला आत गेली आणि भोंगा, पाहुण्याशी काहीतरी बोलायला हवं म्हणून, समोर बसला.

“आणि तुमच्या घरी कोण कोण असतं?”

थोरली त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. लहानपणी ताप उतरल्यावर तो असाच टवटवीत दिसायचा.

“एक धाकटा दीर आहे,” ती म्हणाली. “फार ओरडतो.”

भोंगा खो-खो हसला. “म्हणजे माझ्यासारखाच की! मग बरं आहे तुमचं, घर भरलेलं वाटत असेल,” तो म्हणाला, आणि तिच्यासाठी पाणी आणायला उठला.